लांझोऊच्या हातओढ नूडल्सची छोटी दुकानं: कोण कोण जेवलंय तिथं?

पुदोंगकर

आमच्या इमारतीखाली, चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी, एक दुकान आहे. सहा टेबलं, भिंतीवर पदार्थांचे मोठाले फिकट पडलेले फोटो, दारावर हिरवी पाटी, पूर्वी तिच्यावर चिनीसोबत अरबी अक्षरंही असायची. काचेमागे एक मुलगा दिवसभर कणीक ओढत असतो. २००९ मध्ये मी शांघायला आलो तेव्हा इथे वाडगा सहा युआनला मिळायचा, आता अठराला मिळतो. घराबाहेर मी सगळ्यात जास्त जेवलो असेन ते याच दुकानात. त्याबद्दल मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा धागा.

पदार्थाचं नाव लामियेन, मूळचा वायव्य चीनमधल्या लांझोऊ शहराचा. ला म्हणजे ओढणं, मियेन म्हणजे पिठाच्या शेवया. आधी ओढतात कसं ते सांगतो, कारण पहिल्या दिवशी मी जेवण विसरून तेच बघत बसलो होतो.

कणकेचा मोठा ढीग ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेला असतो. त्यातून एका वाडग्यापुरता गोळा तोडायचा, तेलाचा हात लावायचा आणि फळीवर लोळवून त्याची जाड वळकटी करायची. दोन टोकं दोन हातांत धरून हात पसरले की वळकटी ताणत जाते. मग दोन्ही टोकं डाव्या हाताच्या बोटांत अडकवायची, उजव्या हाताचं बोट मधल्या वळशात घालायचं आणि पुन्हा ताणायचं. एकाचे दोन, दोनाचे चार. सातव्या घडीला १२८ धागे होतात, आठव्या घडीला २५६. मधेच तो सगळा जुडगा फळीवर थाडकन आपटतो, पिठात घोळवतो, पुन्हा ताणतो. शेवटी डाव्या हातात एक गोळा उरतो, सगळ्या धाग्यांची टोकं जिथे चिकटलेली असतात तो. तेवढा तोडून परत ढिगात टाकायचा आणि बाकीचा जुडगा उकळत्या पाण्यात सोडायचा. मी घड्याळ लावून पाहिलंय, गोळा तोडल्यापासून पाण्यात पडेपर्यंत पुरतं एक मिनिटही जात नाही. एकही धागा तुटत नाही.

रस्सा वेगळ्या पातेल्यात असतो. बैलाचं मांस, हाडं आणि मसाले घालून तासन्‌तास उकळलेला, वरचा फेस सतत काढून टाकलेला. लांझोऊत चांगला वाडगा कसा ओळखायचा याचं एक वचन आहे: एक स्वच्छ, दोन पांढरा, तीन लाल, चार हिरवा, पाच पिवळा. स्वच्छ म्हणजे रस्सा, पांढरा म्हणजे मुळ्याच्या चकत्या, लाल म्हणजे मिरचीचं तेल, हिरवी कोथिंबीर आणि लसणाची पात, पिवळ्या नूडल्स. पहिला नंबर रश्श्याच्या स्वच्छतेचा आहे हे मला फार आवडतं. लाल तवंग बाजूला सारला की खाली नूडल्स स्पष्ट दिसल्या पाहिजेत. गढूळ रस्सा म्हणजे फेस काढायचा कंटाळा केलेला रस्सा.

आता जाडी. ही सांगावी लागते, नाही सांगितली तर ते आपल्या मनाने देतात. माओशी म्हणजे केसासारखी बारीक, शी म्हणजे बारीक, अरशी म्हणजे त्याहून थोडी जाड. च्यूये म्हणजे लसणाच्या जातीच्या एका चिनी भाजीच्या पातीसारखी चपटी, ताख्वान म्हणजे पट्ट्याएवढी रुंद. एक तिधारी प्रकारही असतो, त्याला बकव्हीटच्या (कुट्टूच्या) दाण्याचं नाव आहे, कारण तो दाणा तीन कडांचा असतो. माझं मत विचाराल तर अरशी. बारीक नूडल्स अर्ध्या वाडग्यातच फुगून मऊ पडतात, रुंद नूडल्सना रस्सा धरत नाही.

तुम्ही कुठे खाल्ल्यात, कशा खाल्ल्यात, लिहा. शाकाहारी मंडळींनीही लिहा, त्यांचे प्रश्न मला माहीत आहेत.

साधाभात

छान लिहिलंय. आमच्याकडे नूडल्स म्हणजे चौकातल्या गाडीवरच्या हक्का नूडल्स, कोबी-सिमला मिरची, लाल शेजवान सॉस. त्याच्याशी याचं काही नातं आहे का? की नावच तेवढं एक?

पुदोंगकर

साधाभात, नातं फार लांबचं. आपल्याकडच्या चायनीजचा उगम कोलकात्याच्या हक्का लोकांत, म्हणजे दक्षिण चीनमधून आलेल्या कुटुंबांत. त्यात आपल्या चवीची भर पडली. मंचुरियन तर मुंबईतच जन्मलं, नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये ते पहिल्यांदा केलं असं ते सांगत आले. लांझोऊ वायव्येला आहे, कान्सू प्रांतात, पीत नदीच्या काठावर. तिथून पुढे वाळवंट आणि रेशीम मार्ग. तिथलं मुख्य अन्न गहू, तांदूळ नव्हे. अशी दुकानं चालवणारे बहुतेक ह्वे या चिनी समाजातले मुसलमान असतात, म्हणून पाटीवर अरबी अक्षरं असायची. सोया सॉसमध्ये परतलेल्या नूडल्स तिथेही मिळतात, पण दुकानाची ओळख रश्श्यातल्या वाडग्याने.

गाडीवरच्या नूडल्स मलाही प्रिय आहेत. पुण्यात उतरलो की दुसऱ्या संध्याकाळी मी गाडीवरच असतो. दोन्ही आपापल्या जागी.

सातनंबरगाडी

न्यूयॉर्कमधून हजेरी. इथे मराठी माणसाला या नूडल्सपर्यंत नेणारा रस्ता बहुधा गणपतीवरून जातो. फ्लशिंगला बाउन स्ट्रीटवर गणपतीचं देऊळ आहे, १९७७ चं. तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खायला आम्ही सगळे जातो. तिथून पायी मेन स्ट्रीटला आलं की चिनी दुकानांचा समुद्र सुरू होतो. एका रविवारी दर्शनानंतर कँटीनला लांबच लांब रांग होती, मुलं भुकेने रडकुंडीला आलेली, म्हणून आम्ही मेन स्ट्रीटवर पहिल्या दिसलेल्या नूडल्सच्या दुकानात शिरलो. काचेमागे एक मावशी कणकेची पट्टी फळीवर आपटत होत्या आणि प्रत्येक आपटीला आवाज येत होता: ब्यांग, ब्यांग.

ते लामियेन नव्हतं. ते चीनमधल्या शीआन शहराचं ब्यांगब्यांग मियेन. पट्ट्यासारख्या रुंद, हाताने फाडलेल्या नूडल्स, जिरं आणि मिरचीत परतलेलं बकऱ्याचं मटण घालून. नावाचं चिनी अक्षर पन्नासहून जास्त फटकाऱ्यांचं आहे आणि युनिकोडमध्ये ते २०२० मध्ये आलं, तोपर्यंत फोनवर लिहिताच यायचं नाही. इथल्या शीआन फेमस फूड्स या उपाहारगृहाची सुरुवातही २००५ मध्ये फ्लशिंगमध्येच झाली आणि ते पुढे मेन स्ट्रीटवरच्या गोल्डन शॉपिंग मॉलच्या तळघरातल्या ठेल्यामुळे गाजलं. त्या तळघरात मी पुष्कळ जेवलोय. प्लास्टिकचे स्टूल, कोपर कोपराला लागतंय, वाफेने चष्म्यावर धुकं.

जिरं हा माझ्यासाठी धक्का होता. चिनी पदार्थात जिऱ्याचा वास येईल असं कधी मनात आलं नव्हतं. पहिल्या घासाला बायको म्हणाली, "हे तर आपलं सुकं मटण आहे."

नीलपर्ण

मी पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. कामासाठी वर्षातून दोनदा चीनला जाते. माझा अनुभव सांगते, कारण नवीन जाणाऱ्यांना उपयोग होईल. पहिल्या वेळी एका दुकानात मी भाषांतराच्या ॲपवर "मांस नको" असं दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि वरचे मांसाचे तुकडे काढून तोच वाडगा समोर ठेवला. रस्सा मांसाचाच होता. दोन घास गेल्यावर वासाने कळलं. मी तशीच उठले आणि हॉटेलवर जाऊन कितीतरी वेळ रडले. त्या माणसाची यात काही चूक नाही, त्याने माझे शब्द जसेच्या तसे ऐकले. त्याच्या लेखी मांस म्हणजे तुकडे, रस्सा म्हणजे पाणी.

तेव्हापासून अशा दुकानात पाऊल टाकायची भीती बसली. पुदोंगकर, खरंच काही खाता येतं का तिथं?

पुदोंगकर

नीलपर्ण, वाचून वाईट वाटलं. असं पुष्कळांचं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

रश्श्यातला कोणताही वाडगा तुमच्यासाठी नाही, कितीही "बिनमांसाचा" म्हटला तरी. मात्र नूडल्स उकडतात त्या साध्या पाण्याच्या मोठ्या काहिलीत, रश्श्यात नाही. तेव्हा मागायच्या त्या पानमियेन, म्हणजे रश्श्याविना कालवलेल्या. अंडं खाणाऱ्यांसाठी टोमॅटो आणि अंड्याची आवृत्ती जवळपास सगळीकडे मिळते आणि ती फार चविष्ट असते. तुम्ही अंडं खात नाही, म्हणून पाठ करून ठेवा: "बू याव रौ, बू याव थांग, बू याव जीतान." मांस नको, रस्सा नको, अंडं नको. मधला शब्द सगळ्यात महत्त्वाचा. मग उरतं ते मिरचीचं तेल, व्हिनेगर, लसूण, कोथिंबीर आणि परतलेली भाजी. तरी कढई तीच असते, पळी तीच असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी तिथे जाऊ नये, हेही स्पष्टच सांगितलेलं बरं.

बौद्ध देवळांजवळ शुद्ध शाकाहारी भोजनालयं असतात. तिथे "सू" म्हणजे शाकाहारी, हे अक्षर बघा. तिथे मनाला घोर लागणार नाही.

डॉ_रानवारा

वैद्यकीय शिक्षणासाठी सहा वर्षं चीनमध्ये होतो. आमच्या विद्यापीठात मुख्य भोजनालयाच्या बाजूला मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वेगळं भोजनालय होतं. भारतातून आलेली बरीच मुलं, हिंदू असोत की कुणी, तिथेच जेवायची. डुकराचं मांस नसायचं आणि मसाला आपल्या जिभेला ओळखीचा वाटायचा. तिथल्या नूडल्सच्या खिडकीवर रात्री नऊनंतरही रांग असायची.

बैलाचं मांस न खाणारे आम्ही पाच-सहा जण होतो. ओढणाऱ्या भाईला ते माहीत झालं होतं. आम्ही दिसलो की तो न विचारता टोमॅटो-अंड्याच्या नूडल्स कालवायला घ्यायचा आणि मला उद्देशून "अर-शी?" एवढंच विचारायचा. परीक्षेच्या दिवसांत त्या दोन शब्दांनी किती आधार वाटायचा हे आता कळतं.

एक सूचना. टेबलावर काळं व्हिनेगर असतं, ते नक्की घाला. आणि लसणाची सोललेली नसलेली पाकळी ठेवलेली असते, ती घासासोबत कच्ची चावून खायची. तिथे म्हणतात, लसणाशिवाय नूडल्स खाल्ल्या तर निम्मी चव गेली. हे मी घरी परत आल्यावर पिठलं-भाकरीबरोबर करून पाहिलं, आता सवयच लागली आहे.

खानदेशकन्या

पुदोंगकर दादा, तुमचं कणीक ओढण्याचं वर्णन वाचलं आणि मला माझी आजी दिसली.

आमच्याकडे जळगाव-धुळ्याकडे पुरणाचे मांडे करतात. गहू ओलवून, दळून, वस्त्रगाळ पीठ घ्यायचं. कणीक इतकी सैल मळायची की नवख्याला वाटावं हे बिघडलं. ती पाणी लावलावून तासभर मळायची, आपटायची, तिंबायची. मग पुरण भरून लहानशी पोळी लाटायची आणि पुढचं सगळं हातावर. पोळी उलट्या हातांवर घेऊन फिरवत फिरवत ताणायची, कोपरापर्यंत येईल इतकी, आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद पसरवायची. आजीच्या हातावरचा मांडा इतका पातळ असायचा की पलीकडची तिची बांगडी दिसायची. लाटण्याने ते होत नाही. कणकेला ताण कुठवर सोसेल हे हाताच्या मागच्या कातडीलाच कळतं.

आणि शेवया. मशीन यायच्या आधी उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्या बायका जमून पाटावरच्या शेवया करायच्या. तिरपा लावलेला रेघांचा पाट, त्यावर कणकेचा गोळा तळहाताने रगडत न्यायचा, खालून निघणारा धागा दुसरीने धरून ओढत न्यायचा आणि काठीवर वाळत घालायचा. आम्ही पोरी काठ्या धरून उभ्या. धागा तुटला की आजी म्हणायची, "घाई झाली."

तुमचा तो मुलगा आणि आमच्या आज्या एकच काम करत होत्या असं मला मनापासून वाटतं. त्या मुलाला मांड्यांचा व्हिडिओ दाखवा ना कधी.

सातनंबरगाडी

खानदेशकन्या ताई, तुमच्यासाठी आणखी एक. शीआनच्याच दुकानांत ल्यांगफी नावाचा थंड पदार्थ मिळतो. कणीक पाण्यात धुतात, पांढरं पाणी निवळू देतात, खाली बसलेला चीक ताटलीत ओतून वाफवतात आणि त्याच्या पट्ट्या कापतात. वरून व्हिनेगर, मिरचीचं तेल, काकडी. धुतल्यावर उरलेला चिवट भाग वाफवून त्याचे स्पंजासारखे तुकडे त्यातच घालतात. शाकाहारी आहे, नीलपर्ण यांनी नक्की बघावा. फक्त वरून काय ओतताहेत ते विचारून घ्या.

खानदेशकन्या

अहो, हा तर कुरडईचा चीक! आम्ही गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, पिळतो, चीक निवळू देतो. गरम चीक वाटीत घेऊन तेल-तिखट घालून खायला आम्ही भांडायचो. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या करतो. टाकत काहीच नाही. त्यांनी वाफवला, आम्ही शिजवून सोऱ्यातून पाडला, एवढाच फरक.

रसायनी

विषय माझ्या आवडीचा निघाला म्हणून लिहिते. लांझोऊच्या कणकेत एक गोष्ट पडते, फंगह्वे. वाळवंटी झुडपं जाळून त्यांच्या राखेपासून केलेला खार. त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं. आता बऱ्याच ठिकाणी कारखान्यात बनवलेली पूड वापरतात. आपला पापडखार याचाच भाऊबंद. आपल्याकडेही सज्जीखार पूर्वी खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या राखेपासूनच काढायचे. उडदाच्या पापडाच्या पिठाला पापडखार लागतो तसाच गव्हाच्या कणकेला फंगह्वे.

तो दोन कामं करतो. पिठातल्या काही रंगद्रव्यांवर खाराचा परिणाम होऊन ती पिवळी दिसू लागतात. पुदोंगकरांच्या वचनातला पाचवा पिवळा रंग तिथून येतो, हळद किंवा अंड्यातून नाही. दुसरं म्हणजे गव्हातल्या प्रथिनांची जाळी घट्ट होते, त्यामुळे नूडल्स गरम रश्श्यातही चावायला लवचिक राहतात. ज्यांना खाऱ्या कणकेचा हलका वास येतो त्यांना तोच वास येत असतो.

ओढता येण्याचं श्रेय मात्र मळण्याला आणि मुरण्याला. मळल्याने प्रथिनांचे धागे एका दिशेने लागतात. मुरू दिलं की ताण सैलावतो, मग कणीक ओढली तरी मागे आखडत नाही. मांड्यांत नेमकं हेच होतं.

आणखी एक आठवलं. छिंगहाय प्रांतात लाजिया नावाच्या ठिकाणी उत्खननात उपडा पडलेला मातीचा वाडगा सापडला आणि त्याच्या खाली सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या नूडल्स होत्या. २००५ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत त्याबद्दल छापून आलं. त्या गव्हाच्या नव्हत्या, राळ्यासारख्या धान्याच्या होत्या. अशा धान्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते चिवट प्रथिन, नसतं, मग इतके लांब धागे निघाले कसे यावर अभ्यासकांचे वाद झाले आहेत. तीही पीत नदीच्या खोऱ्यातलीच जागा.

मीठभाकर

सगळ्यांनी सुंदर लिहिलंय, पण मला एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. काचेमागचा तो मुलगा दिवसभर उभा राहून हात ओढतोय. अठरा युआन म्हणजे साधारण दोनशे-सव्वादोनशे रुपये, शांघायसारख्या शहरात. इतकं स्वस्त कुणाच्या तरी खांद्यांवर उभं असतं. माझे वडील बेकरीत भट्टीवर होते, पन्नाशीत त्यांचे दोन्ही खांदे गेले. हाताची कला म्हणून आपण कौतुक करतो तेव्हा त्या हाताचं काय होतं हेही विचारायला हवं. मशीनच्या नूडल्स खाल्ल्या तर काय बिघडतं?

पुदोंगकर

मीठभाकर, हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या वडिलांबद्दल वाचून थांबलो थोडा वेळ.

मला जेवढं माहीत आहे ते लिहितो. चीनभर लांझोऊ लामियेन अशी पाटी लावलेली दुकानं बहुतेक लांझोऊच्या लोकांची नसतात. ती शेजारच्या छिंगहाय प्रांतातल्या हुआलोंग परगण्यातल्या लोकांची असतात. तो डोंगराळ, कोरडा, गरीब भाग. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथली काही कुटुंबं शियामेनसारख्या दूरच्या किनारी शहरांत गेली, त्यांचं जमलं, मग भाऊ, मेहुणे, चुलते असे एकामागून एक गेले. आमच्या खालच्या दुकानाचे मालकही हुआलोंगचे. नवरा-बायको, मालकाचा भाचा ओढायला, मालकीण रश्श्याला आणि पैशाला. त्यांची मुलगी दुपारी शेवटच्या टेबलावर गृहपाठ करायची, आता ती शीनिंगला कॉलेजात आहे. तिची फी या वाडग्यांतूनच गेली.

भाच्याच्या खांद्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. मी त्याला एकदा विचारलं. त्याने मनगट दाखवलं, चिकटपट्टी लावलेली. म्हणाला, "मळण मशीनवर करतो, ओढणं हाताने. मळण हाताने केलं असतं तर इथवर टिकलो नसतो." आता पुष्कळ दुकानांत हेच आहे. तेव्हा मशीन आलेलं आहेच, जिथे खांदा जातो तिथे आलं आणि जिथे जाडी हातालाच कळते तिथे नाही आलं. मला ही वाटणी योग्य वाटते. ओढणंही मशीनवर गेलं तर गिऱ्हाईकाला "अरशी की च्यूये" विचारायला कुणी उरणार नाही.

स्वस्ताईबद्दल आणखी एक. खुद्द लांझोऊमध्ये हा वाडगा म्हणजे आपल्याकडचा वडापाव आणि सकाळचे पोहे, दोन्ही एकात. २००७ मध्ये भाव वाढले तेव्हा तिथल्या प्रशासनाने साध्या दुकानांतल्या मोठ्या वाडग्याला अडीच युआनची कमाल मर्यादा घातली होती. देशभर त्यावर चर्चा झाली. खाणाऱ्याची बाजू घ्यावी की दुकानदाराची, हा वाद तिथेही झालेला आहे. माझ्यापुरतं सांगतो: आमच्या दुकानाने भाव वाढवला तेव्हा एकदाही कुरकुर केली नाही.

मी लांझोऊला तीन दिवस राहून आलोय. तिथे दुकानांच्या पाट्यांवर लामियेन हा शब्द दिसत नाही, न्यूरौमियेन असतं, म्हणजे बैलाच्या मांसाच्या नूडल्स. लांझोऊकर याबाबत फार हळवे आहेत. दुकानं पहाटे सहाला उघडतात, कित्येक दुपारी दोनलाच बंद होतात, कारण रस्सा संपतो आणि पुन्हा पाणी घालून वाढवायचा नसतो. चिठ्ठी घ्यायची, खिडकीत द्यायची, जाडी ओरडून सांगायची, पुढच्या खिडकीत "लसणाची पात जास्त, मिरची जास्त" म्हणायचं आणि वाडगा स्वतः उचलून न्यायचा. कामावर निघालेले लोक जागा नसली तर फुटपाथवर उकिडवे बसून जेवतात. मा बाओझी नावाच्या ह्वे माणसाने १९१५ मध्ये खांद्यावर कावड घेऊन या नूडल्स विकायला सुरुवात केली असं तिथे सांगतात. २०२१ मध्ये ही कला चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

मीठभाकर

मळण मशीनवर आणि ओढणं हातावर, हे वाचून बरं वाटलं. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "मळणंच मारतं."

औंधकर

पुण्यात असं दुकान मला काही सापडलं नाही, म्हणून घरी करून पाहिलं. लामियेन घरी जमणं अवघड, चार वेळा प्रयत्न केले, तिसऱ्या घडीला तुटतं. ब्यांगब्यांग मात्र पहिल्याच वेळी जमलं. प्रमाण देतो.

मैदा ३०० ग्रॅम, पाणी १५० मिली, मीठ अर्धा चमचा. घट्टसर मळा, अर्ध्या तासाने पुन्हा मळा, मऊ होते. सहा लांबट गोळे करून तेल चोपडा आणि झाकून किमान दोन तास ठेवा. घाई केली तर आखडतं, रसायनी ताईंनी सांगितलंय तसं. मग गोळा हाताने चपटा करा, मधोमध लांबीच्या दिशेने काडी दाबून खाच पाडा. दोन टोकं धरून ओढा, ओढताना मधला भाग ओट्यावर हलका आपटा. दोन्ही हात पसरल्याएवढी लांब झाली की खाचेवर फाडा, एक मोठं वेटोळं होतं. थेट उकळत्या पाण्यात, दीड-दोन मिनिटं.

वाढून झाल्यावर वर बारीक लसूण, कांद्याची पात, दोन चमचे लाल तिखट, मीठ. आणि कडकडीत तापवलेलं तेल त्यावर ओता. चर्र असा आवाज आला पाहिजे. मग सोया सॉस, व्हिनेगर, कालवा. आई लांबून बघत होती. म्हणाली, "ही तर वरून घातलेली फोडणी." दुसऱ्या दिवशी तिने स्वतः मागितल्या. नीलपर्ण ताई, हे पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही.

नीलपर्ण

केल्या! काल रात्री. पहिल्या दोन तुटल्या, पुढच्या चार आल्या. मुलगा आपटायला उभा होता. "बू याव थांग" मी फोनमध्ये लिहून ठेवलंय, मार्चमध्ये जाणार आहे.

पुदोंगकर

खानदेशकन्या ताई, तुमचा निरोप पोचवला. रविवारी दुपारी दुकान रिकामं होतं, भाच्याला मांड्यांचा व्हिडिओ दाखवला. त्याने हात पुसले, फोन हातात घेतला आणि तीन वेळा बघितला. तिसऱ्यांदा तो बाईंचा चेहरा बघत नव्हता, मनगटं बघत होता. मामीला हाक मारून बोलावलं. दोघांत त्यांच्या बोलीत बरंच बोलणं झालं, मला कळलं नाही. मग त्याने मला तीन प्रश्न विचारले, ते जसेच्या तसे देतो. कणकेत खार असतो का? पाणी किती? आणि भरलेलं गोड सारण ताणताना फाडून बाहेर कसं येत नाही?

खानदेशकन्या

आईला फोन करून विचारलं, तिचंच उत्तर लिहिते. खार नाही, मीठ चिमूटभर. पाणी मापून घालत नाहीत. कणीक उचलली की बोटांतून हळूहळू खाली ओघळली पाहिजे पण तुटता कामा नये, तिथे थांबायचं. पुरण वाटून अगदी लोण्यासारखं हवं, एक कण राहिला तरी तिथूनच मांडा फाटतो. आणि कणीक पुरणापेक्षा सैल हवी, म्हणजे पुरण जिकडे सरकेल तिकडे ती त्याच्याबरोबर जाते.

आईने त्याला विचारायला सांगितलंय, तो हाताला तेल लावतो ते कुठलं?